शिकाऊ डॉक्टरचा हात

आपल्या भिंगारात कुणाचा हातपाय मोडला की पहिला सल्ला डॉक्टरचा नसतो, गल्लीचा असतो. "बडे सरकारी दवाखाने में मत लेके जाव, उधर सब शिकाऊ डाक्टर रहते." त्याला जोडूनच दुसरा सल्ला येतो की अमुक गावात एक जण हाडे बसवतो, लेप लावतो, बांबूच्या कामट्या बांधतो, पैसेही फारसे घेत नाही. ज्याचे शिक्षण चालू आहे त्याची भीती, आणि ज्याचे शिक्षण कुणीच पाहिलेले नाही त्याच्यावर भरवसा! हे गणित मला कधी सुटलेले नाही.

"शिकाऊ" म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिकाऊ लायसन्सवर स्कूटर चालवणारे पोर येते. हाडांच्या वॉर्डातला निवासी डॉक्टर तसा नसतो. साडेचार वर्षांचे एमबीबीएस आणि एक वर्षाची इंटर्नशिप करून तो आधीच डॉक्टर झालेला असतो. मग नीट-पीजीची परीक्षा देऊन तीन वर्षांच्या एमएस ऑर्थोपेडिक्सला लागतो. आपल्या जिल्ह्यात लोणीला प्रवरेच्या मेडिकल कॉलेजात हे शिक्षण होते. शिवाय आता नियमच आहे की पदव्युत्तर विद्यार्थ्याने या काळात तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करायचे. म्हणजे पाथर्डी रस्त्यावर अपघात झालेला आपला माणूस उद्या सिव्हिलमध्ये अशाच एखाद्या डॉक्टरपुढे असू शकतो. तेव्हा ही मुले-मुली तिथे नेमके काय शिकतात ते माहीत असलेले बरे.

पहिल्या वर्षी चाकू हातात येतच नाही म्हटले तरी चालेल. अपघात विभागात उभे राहायचे, जखमा धुवायच्या, एक्स-रे काढून आणायचे, रक्ताची सोय करायची, वजन लावून पाय ताणात ठेवायचा आणि प्लास्टर घालायचे. प्लास्टर ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही. ओली पट्टी गुंडाळताना बोटाने दाबून चालत नाही, तळहाताचाच वापर करावा लागतो, नाहीतर बोटाचा खड्डा आत राहतो आणि तिथे कातडी सडते. मनगट मोडले असेल तर ओढून, वळवून हाड जागेवर आणायचे, एक जण कोपर धरणार, एक जण पंजा. हाड जागेवर बसल्याचे हाताला कळावे लागते, पुस्तकातून ते येत नाही. दुसऱ्या वर्षी शस्त्रक्रियेत मदतीला उभे राहायचे, अंगावर शिशाचा जड एप्रन घालून एक्स-रे यंत्राखाली तारा आणि स्क्रू बसवायला शिकायचे. तिसऱ्या वर्षी शस्त्रक्रिया स्वतः करायची, पण समोर हातमोजे घालून सर उभे. केलेल्या प्रत्येक कामाची लॉगबुकात नोंद, वर प्रबंध, आणि शेवटी परीक्षेत खरा रुग्ण तपासून उत्तर द्यायचे.

आम्ही बी.एड. केले तेव्हा सराव पाठ असत. वर्ग खरा, मुले खरी, फळ्यापुढे आम्ही, आणि मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसलेले प्राध्यापक. गणित चुकले तर ते तिथेच थांबवत. त्या मुलांचे वर्ष काही वाया गेले नाही. उलट आमची तयारी जुन्या शिक्षकांपेक्षा जास्तच असे! शिकणाऱ्याच्या हातात धोका असतो तो मागचे बाक रिकामे असते तेव्हा.

ही रीत परकी नाही. हजार वर्षांपूर्वी स्पेनमध्ये कुर्तुब्याजवळ अबुल कासिम अल-झहरावी होऊन गेले. त्यांच्या 'अत-तस्रीफ' या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे, त्यात मोडलेल्या आणि निखळलेल्या हाडांवर वेगळे प्रकरण आहे आणि हत्यारांची चित्रेही आहेत. शागिर्दांना ते मुलांनो म्हणून हाक मारतात आणि बजावतात की शरीराची रचना न शिकता जो हत्यार उचलतो तो माणसे मारतो. अबू दाऊदच्या संग्रहात तर या आशयाची हदीस आहे की वैद्यक येत नसताना जो उपचार करतो, नुकसानीची जबाबदारी त्याची. लेप लावून कामट्या बांधणाऱ्याला हे कुणी विचारते का?

हाडवैद्यांना मी सरसकट नावे ठेवत नाही. इंग्लंडात लिव्हरपूलला एक नावाजलेला हाड बसवणारा होता, पिढीजात. डॉक्टर मंडळी त्याच्यावर खटले भरत. त्याने काय केले, तर मुलांना रीतसर वैद्यकीय शिक्षणाला घातले. त्यातले ह्यू ओवेन थॉमस हे आजच्या अस्थिशल्यशास्त्राच्या जनकांत गणले जातात. मांडीचे हाड मोडलेल्याला लावतात ती लांब लोखंडी 'थॉमस स्प्लिंट' त्यांचीच. पहिल्या महायुद्धात तिने हजारो सैनिकांचे जीव वाचवले. घरातला हुनर खरा होता, त्याला शिक्षणाची जोड मिळाली.

आता दुसरी बाजू. १९९२ पासून केंद्र सरकारचा निर्देश आहे की निवासी डॉक्टरची सलग ड्यूटी साधारणपणे दिवसाला बारा तासांपेक्षा जास्त नसावी. प्रत्यक्षात छत्तीस तास जागे असलेली मुले वॉर्डात सर्रास दिसतात. २०२३ च्या नव्या नियमावलीत तर "वाजवी तास" एवढेच शब्द आहेत. वाजवी कुणाच्या मते? झोप नसलेल्या हाताने आपल्या आईच्या खुब्यात स्क्रू बसवायचा आहे, हे लक्षात घेतले तर हा प्रश्न फक्त डॉक्टरांचा राहत नाही.

आणि आपण नातेवाईक कसे वागतो? मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण आला. मेंदूचे सर्जन तिथे नव्हते. दुसरीकडे न्या म्हणून सांगणारा हाडांच्या विभागातला तरुण डॉक्टर जमावाच्या तावडीत सापडला. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि हाल झाले ते गोरगरिबांचे. मेंदूचा सर्जन नसणे हा त्या पोराचा गुन्हा होता का? अशा मारहाणीला आपल्या राज्यात २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण गर्दीला कायदा आठवत नाही.

भांडण्यापेक्षा विचारावे. ऑपरेशनच्या वेळी मोठे डॉक्टर हजर असतील का? युनिटचे प्रमुख कोण? संमतीपत्रावर सही करण्याआधी हे विचारणे आपला हक्क आहे, त्यात बेअदबी नाही, आणि चांगला निवासी डॉक्टर स्वतःच सरांचे नाव सांगतो.

प्लास्टर घालून घरी आणलेल्या मुलाची बोटे दर काही तासांनी बघावीत. बोटे निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, हलेनाशी झाली, किंवा औषध घेऊनही दुखणे वाढतच चालले, तर सकाळची वाट पाहू नये. आत सूज वाढून रक्त थांबले की काही तासांत हात कायमचा निकामी होतो. घरी प्लास्टर कापायला बसू नका आणि लेपवाल्याकडेही नेऊ नका. अपघात विभाग रात्रभर उघडा असतो, आणि रात्री दोन वाजता तिथे जागा असतो तो हाच शिकाऊ डॉक्टर.