संस्थेचा शब्द आणि संस्थेचा कागद

‘धर्मकार्याला कागद कशाला?’ हा प्रश्न आपल्या सुशिक्षित घरांतूनही अद्याप ऐकूं येतो. देणारा भला, घेणारा भला, आणि काम तर त्याहून भलें. मग मध्यें वकिलाची लेखणी कां यावी, अशी ही समजूत. ती मनाच्या मोठेपणांतून आलेली असते, म्हणून तिला हंसूं नये; परंतु तिच्यापायीं चांगल्या चांगल्या संस्था अडचणींत येतात, म्हणून तिच्याकडे दुर्लक्षही करूं नये. पेन्शन घेतल्यावर कोणत्या तरी संस्थेचे चिटणीस किंवा विश्वस्त झालेले गृहस्थ, आणि महिला मंडळाचा कारभार पाहणाऱ्या भगिनी आमच्या वाचकवर्गांत पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठीं या महिन्यांत हा विषय घेतला आहे.

पिंपरी, चिंचवड व चाकण या पट्ट्यांतील संस्था डोळ्यांपुढें ठेवून हें लिहीत आहें. आणि तेथील मातीच वरील समजुतीच्या उलट साक्ष देते. चिंचवडचें देवसंस्थान श्रद्धेवर उभें राहिलें हें खरें. पण राजवटी बदलत गेल्या तेव्हां इनामाचा हक्क दाखवावयास उपयोगीं पडलें तें सनदांचें दप्तर. अशा जुन्या कागदपत्रांच्या आधारें लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकानें देवांच्या घराण्यावर लिहिलेला ग्रंथ १९८९ सालीं केंब्रिज विद्यापीठानें प्रसिद्ध केला. पुढें १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. तिला युनिसेफनें यंत्रसामग्री दिली व जागतिक आरोग्य संघटनेनें तज्ज्ञांचें साहाय्य दिलें. तेंही भारत सरकारशीं लेखी करार करूनच. परोपकाराला कागदानें कमीपणा येतो असें त्या दात्यांस वाटलें नाहीं.

१९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि भोसरी-आकुर्डीपासून पुढें चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. पूर्वीं एखादा कारखानदार आपल्या खुषीनें शाळेस खोली बांधून देई. २०१३ च्या कंपनी कायद्याचें १३५ वें कलम १ एप्रिल २०१४ पासून अंमलांत आल्यावर ही खुषी बंधनांत आली. ठराविक मर्यादेहून मोठ्या कंपन्यांनीं मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे निदान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे, असें तें कलम सांगतें. हा पैसा शेटजींच्या खिशांतला नसून कंपनीच्या हिशेबांतला आहे. तो योग्य कामीं लागला असें कंपनीच्या मुख्य वित्त-अधिकाऱ्यास लेखी प्रमाणित करावें लागतें. तेव्हां कंपनीचा मनुष्य चाळीस पानांचा मसुदा पुढें ठेवतो तो आपल्यावरील अविश्वासानें नव्हे. त्याला वर जाब द्यावयाचा असतो. आपल्यालाही खालीं जाब द्यावयाचा असतो, हें मात्र आपण विसरतों.

नुसत्या शब्दाची कायद्यांत किंमत काय, हें दोन जुन्या निकालांवरून चांगलें कळतें. १८८६ सालीं कलकत्ता उच्च न्यायालयापुढें हावडा येथील नगरभवनाच्या वर्गणीचा दावा आला. एका गृहस्थानें १०० रुपयांचा आंकडा घातला होता, पण पुढें पैसे दिले नव्हते. वर्गणीदारांच्या शब्दावर विसंबून बांधकामाचा करार झालेला होता, म्हणून न्यायालयानें त्यास जबाबदार धरलें. उलट १९१४ सालीं अलाहाबाद उच्च न्यायालयापुढें मशिदीच्या दुरुस्तीसाठीं कबूल केलेल्या ५०० रुपयांचा वाद आला. त्या वचनाच्या भरंवशावर कांहींच काम झालेलें नव्हतें. म्हणून तें बंधनकारक ठरलें नाहीं. तात्पर्य, १८७२ च्या करार कायद्याच्या दृष्टीनें देणगीचें वचन ही एक सदिच्छा आहे. ‘तुम्हीं हें द्यावें, आम्हीं हें करावें’ अशी दोन्ही बाजूंची बांधिलकी आली म्हणजेच तिचा करार होतो.

आतां एक उदाहरण कल्पूं या. निगडी येथील कांहीं निवृत्त शिक्षकांच्या मंडळानें चाकणकडील मजुरांच्या मुलांसाठीं वर्ग काढले. कंपनीचे अधिकारी सज्जन. ते म्हणाले, ‘तीन वर्षांची काळजी नको.’ मंडळानें जून महिन्यांत चार शिक्षिका नेमल्या. कागदावर मात्र मुदत येत्या ३१ मार्चपर्यंतच होती. एप्रिलमध्यें अधिकाऱ्यांची बदली झाली, नव्यांनीं कागद दाखविला, आणि वर्ग बंद पडले. येथें कोणीही लबाडी केली नाहीं. तरी चार घरांचा पगार थांबला आणि साठ मुलें घरीं बसली. हें टळावें म्हणून सही करण्यापूर्वीं कांहीं गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट मुदत व हप्ते. काम एका वर्षापेक्षां अधिक चालावयाचें असेल तर कंपनीकडून त्यास ‘चालू प्रकल्प’ म्हणून मान्यता घेऊन तसें करारांत लिहून घ्यावें. अशा प्रकल्पास आरंभाचें वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत मुदत मिळूं शकते, आणि त्याची न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत कंपनीस निराळ्या खात्यांत ठेवावी लागते. पहिला हप्ता काम सुरू होण्यापूर्वीं मिळेल असें कलम असावें. ‘आधीं खर्च करा, मग मागा’ ही रीत श्रीमंत ठेकेदारास परवडते. वर्गणीवर चालणाऱ्या मंडळास ती बुडविते.

दुसरी गोष्ट सही कोणाची. चिटणीस म्हणजे संस्था नव्हे. कार्यकारी मंडळानें ठराव करून अमक्यानें सही करावी असें लिहिलेलें असावें, आणि सहीखालीं ‘संस्थेकरितां’ हे शब्द असावेत. नाहींतर दाव्याच्या वेळीं चिटणिसाचें घरदार मध्यें ओढलें जातें. विश्वस्त बदलले असल्यास त्याचा बदल अर्ज ९० दिवसांच्या आंत धर्मादाय कार्यालयांत द्यावयाचा असतो. कित्येक संस्थांच्या दप्तरीं दहा वर्षांपूर्वीं वारलेलीं माणसें अद्याप विश्वस्त आहेत! अशा संस्थेचा करार कोणती कंपनी करील?

तिसरी गोष्ट मालकीची. देणगीच्या पैशांतून घेतलेली रुग्णवाहिका किंवा संगणक कोणाच्या नांवें? जानेवारी २०२१ पासूनच्या नियमान्वयें अशी मालमत्ता पात्र नोंदणीकृत सेवाभावी संस्था, लाभार्थी किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याकडे असावी लागते. १ एप्रिल २०२१ पासून संस्थेस स्वतःची निराळी नोंदणीही करावी लागते. पैसा परदेशांतील प्रतिष्ठानाकडून थेट येणार असेल तर २०१० च्या परकीय देणगी कायद्याखालीं परवानगी आधीं हवी. आणि २०२० च्या दुरुस्तीपासून तो पैसा दुसऱ्या संस्थेस वांटून देतां येत नाहीं. चाकणच्या कित्येक कारखान्यांच्या मूळ कंपन्या परदेशांत असल्यामुळें हा भेद तेथें फार महत्त्वाचा आहे.

चौथी गोष्ट नुकसानभरपाईचें कलम. ‘कंपनीची कोणतीही व कसलीही हानि संस्था भरून देईल’ असें वाक्य पुष्कळ मसुद्यांत शेवटच्या पानांवर असतें. ‘आमच्या हयगयीमुळें झालेली, आणि मिळालेल्या रकमेपुरती’ एवढे शब्द घालून घ्यावे. करार मोडावयाचा झाल्यास निदान ६० दिवसांची सूचना व तेवढ्या काळाचा नोकरांचा पगार मागावा. वाद झाल्यास तो पुण्यास चालावा. दिल्लीची वारी लहान संस्थेस झेपत नाहीं. असे बदल सुचविल्यास कंपनी रागावते, ही भीति खोटी आहे. मसुदा हा मसुदाच असतो.

जागेच्या कागदाकडे तर विशेष लक्ष पाहिजे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणें न्यासाची इमारत किंवा बिनशेतीची जमीन तीन वर्षांहून अधिक, आणि शेतजमीन दहा वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्यानें धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वसंमतीवांचून देतां येत नाहीं. विक्रीचें तर बोलावयासच नको. संस्थेनें स्वतः जागा लिव्ह अँड लायसन्सनें घेतली तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यान्वयें तो करार लेखी व नोंदलेला हवा. मुद्रांकांत काटकसर करूं नये. २०२४ च्या ऑक्टोबरपासून अनेक प्रकारच्या कागदांस १०० ऐवजीं ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. आणि अपुऱ्या मुद्रांकाचा कागद तूट व दंड भरल्याखेरीज पुराव्यांत घेत नाहींत.

सही झाली म्हणजे काम संपलें असें नव्हे. एक साधी वही घालावी: कराराचा विषय, दुसरा पक्ष, आरंभ, मुदत, हप्त्यांचे दिवस, अहवालाचे दिवस आणि मूळ कागद कोणाजवळ आहे, एवढे रकाने पुरेत. दर महिन्याच्या सभेंत पहिल्यानें ती उघडावी. ज्या गृहिणी दूध-वाण्याचा महिन्याचा हिशेब पै-पैसह ठेवतात त्यांस हें काम शिकवावयास नको. अशी एखादी भगिनी मंडळावर असेल तर ही वही तिच्याकडेच द्यावी.

राहतां राहिला तो संकोच. ‘इतकें लिहून घेतलें तर माणुसकी ती काय राहिली?’ असें कोणी म्हणेल. परंतु संस्थेचा पैसा आपला नसतो, आणि ज्यांच्यासाठीं तो येतो त्यांना त्या खोलींत बसून बोलतां येत नाहीं. स्वतःच्या व्यवहारांत आपण वाटेल तितका विश्वास टाकावा. तो बुडाला तर आपण सोसूं. दुसऱ्यांच्या वतीनें विश्वास टाकतांना मात्र तो कागदावर टाकावा, कारण तो बुडाला तर सोसावें लागतें तें त्या शिक्षिकेस आणि त्या मुलांस.