उशिरां उघडलेलें दार

बेसबॉल या अमेरिकन खेळांत पिचरचें काम आपल्या क्रिकेटमधील गोलंदाजासारखें असतें. मात्र टप्पा न पाडतां चेंडू थेट फलंदाजाकडे फेकावयाचा. या पिचरांत सॅचेल पेज याचें नांव निघालें कीं, बेचाळिसाव्या वर्षीं तो श्रेष्ठ संघांत कसा दाखल झाला, हें मोठ्या कौतुकानें सांगण्यांत येतें. चिकाटीचा नमुना म्हणून वर्गांत ही गोष्ट मींही सांगितली आहे. परंतु अलीकडे ती सांगतांना मला संकोच वाटूं लागला आहे.

पेज १९०६ सालीं अलाबामा प्रांतांतील मोबील शहरीं जन्मला. लहानपणीं तो रेल्वे स्टेशनवर उतारूंच्या पिशव्या वाहात असे; ‘सॅचेल’, म्हणजे हातपिशवी, हें टोपणनांव त्यावरून पडलें, असें तो सांगे. बारा वर्षांचा असतां किरकोळ चोरी व शाळा चुकविणें यांबद्दल त्याची रवानगी माउंट मेग्ज येथील सुधारशाळेंत झाली. (अशा मुलाचें नांव पटावरून काढण्याची आम्हां शिक्षकांस केवढी घाई असते!) तेथील पांच वर्षांत, पाय उंच उचलून चेंडू कसा फेकावा, हें त्याला शिकविण्यांत आलें.

१९२६ पासून तो धंदेवाईक खेळाडू झाला. पण कृष्णवर्णीयांच्या निराळ्या संघांत. त्यांना श्रेष्ठ संघांत मज्जाव करणारा लेखी नियम नव्हता. मालकांनीं आपसांत पाळलेला तो संकेत होता. हंगाम संपला म्हणजे मात्र गोऱ्या खेळाडूंना पेजशीं खेळण्यास हरकत नसे! १९३४ सालीं डिझी डीन व १९४६ सालीं बॉब फेलर या नामांकित पिचरांच्या संघांशीं त्याचे सामने झाले आणि लोकांनीं तिकिटें काढून ते पाहिले. तेव्हां प्रश्न योग्यतेचा नव्हता, हें उघड आहे.

१९४७ सालीं जॅकी रॉबिन्सन याच्या प्रवेशानें तो संकेत मोडला. पुढील वर्षीं, ७ जुलै रोजीं, बेचाळिसाव्या वाढदिवशींच, क्लीव्हलंडच्या संघानें पेजला घेतलें. एका क्रीडापत्राच्या संपादकानें ही निव्वळ जाहिरातबाजी ठरविली. पेजनें सहा सामने जिंकले, एक गमावला. आणि अजिंक्यपद क्लीव्हलंडला मिळालें.

‘उशिरां कां होईना, न्याय झाला,’ असें म्हणणाऱ्यांशीं माझा मतभेद आहे. पिचरचा खांदा म्हणजे कांहीं पेन्शन नव्हे, कीं थकबाकीसह मागाहून हातीं पडावें! बावीस वर्षें दाराबाहेर उभें केलेल्या माणसाच्या चिकाटीची स्तुति करतांना दार कोणीं लावून घेतलें होतें, हें विद्यार्थ्यांना आपण सांगत नाहीं. १९७१ सालीं कीर्तिमंदिरांत त्याची निवड झाली, तेव्हांही त्याची स्मृतिपट्टिका निराळ्या दालनांत ठेवण्याचें आधीं ठरलें होतें. लोकांनीं ओरड केल्यावर तें बदललें.

त्या निराळ्या संघांचे आंकडे २०२४ सालीं मुख्य नोंदींत सामील करण्यांत आले. पण ज्या सामन्यांचें टिपण कोणीं ठेवलेंच नाहीं, ते आतां कोणत्या वहींत मांडावयाचे?