आधी आपल्या माणसाला

नीरेच्या काठी, वालचंदनगरच्या जवळ वसलेल्या निरवांगीसारख्या गावात ऊस तुटून रान मोकळे झाले, की टेनिस चेंडूचे क्रिकेट रंगू लागते. फलंदाज पवित्रा घेतो न घेतो तोच मागून आवाज येतो, "याला चेंडू दिसतोय का विचारा रे!" सारे हसतात. मुलांना हे कोणी मुद्दाम शिकवीत नाही. यष्ट्यांजवळ बसविलेल्या माईकमुळे आंतरराष्ट्रीय सामन्यांतील कुजबूजही आता घरोघरी पोहोचते आणि जे कानी पडते तेच ओठी येते.

प्रतिस्पर्ध्याला डिवचून त्याचे चित्त विचलित करण्याच्या या प्रकाराला 'स्लेजिंग' म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी तो शस्त्रासारखा वापरला आणि पुढे इतरांनीही उचलला. त्याचे समर्थकही पुष्कळ आहेत. बोलण्याने समोरच्याचा तोल जात असेल तर तो त्याचा कच्चेपणा, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो अगदीच पोकळ नाही, कारण तोल भल्याभल्यांचा गेलेला आहे.

फेब्रुवारी 1981 मधील मेलबर्न कसोटीचेच पाहावे. भारताच्या दुसऱ्या डावात सुनील गावसकर आणि चेतन चौहान यांनी 165 धावांची सलामी दिली होती. 70 धावांवर डेनिस लिलीच्या चेंडूवर गावसकरांना पायचीत ठरविण्यात आले. चेंडू आधी बॅटला लागला होता, अशी त्यांची खात्री होती. निर्णयाचा राग मनात होताच. परतताना प्रतिस्पर्ध्यांचे शब्द कानी पडले आणि ते उलटे फिरले. चौहानांनाही त्यांनी आपल्याबरोबर चालायला लावले. सीमारेषेवर संघाचे व्यवस्थापक शाहिद दुराणी यांनी चौहानांना रोखले, म्हणून सामना पुढे चालला. पुढे ऑस्ट्रेलियाचा डाव 83 धावांत आटोपला आणि भारत 59 धावांनी जिंकला. व्यवस्थापक सीमारेषेवर नसते, तर तो विजय हातचा गेला असता. त्या कृतीचा आपल्याला खेद वाटतो, हे गावसकरांनी नंतर मोकळेपणाने सांगितले.

डिवचला गेल्यावर स्वतःला सावरणे कठीण, हे यातून दिसते. परंतु त्याहून कठीण गोष्ट दुसरीच आहे: डिवचणारा आपलाच असेल, शिवाय गुणीही असेल, तेव्हा त्याला आवरणे.

सप्टेंबर 2022 मध्ये कोइमतूर येथे दुलीप करंडकाचा अंतिम सामना पश्चिम विभाग आणि दक्षिण विभाग यांच्यात झाला. पश्चिम विभागाचा कर्णधार होता संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे. त्याच्या संघातील विशीच्या यशस्वी जैस्वालने दुसऱ्या डावात 265 धावा काढून विजयाचा पाया घातला होता. शेवटच्या दिवशी दक्षिणेचा रवी तेजा फलंदाजी करीत असताना जवळ उभा असलेला जैस्वाल त्याला सतत काही ना काही बोलत होता. पंचांनी समज दिली. रहाणेनेही समजावले. तरीही बोलणे थांबेना, तेव्हा रहाणेने त्याला मैदान सोडून जाण्यास सांगितले.

पंचांनी त्याला बाहेर काढलेले नव्हते. स्वतःच्या कर्णधाराने, साऱ्यांच्या देखत, सामन्याच्या नायकालाच तंबूत धाडले. काही षटकांनंतर जैस्वाल परत क्षेत्ररक्षणाला आला. पश्चिम विभागाने सामना 294 धावांनी जिंकला.

रहाणे प्रत्येक अपमान मुकाट्याने गिळणारा होता, असे मात्र नाही. जानेवारी 2021 मध्ये सिडनी कसोटीत काही प्रेक्षकांनी मोहम्मद सिराजला अपशब्द वापरले, तेव्हा कर्णधार म्हणून त्याने पंचांकडे तक्रार नेली. खेळ थांबला आणि काही प्रेक्षकांना मैदानाबाहेर काढण्यात आले. त्यानंतर भारतीय संघ पुन्हा खेळू लागला, कसोटी अनिर्णित राखली आणि पुढच्याच कसोटीत ब्रिस्बेन येथे मालिका जिंकली. दुसऱ्याच्या शब्दांनी आपला माणूस दुखावला, तर त्याच्या पाठीशी उभे राहणे आणि आपल्याच माणसाचा शब्द दुसऱ्याला दुखवू लागला, तर त्याला थांबविणे, या दोन्ही गोष्टी एकाच न्यायबुद्धीतून येतात. बहुतेक जण पहिली करतात आणि दुसरीच्या वेळी दुसरीकडे पाहतात.

अशा जाहीर कानउघाडणीने मुलगा खचून जातो, अशी भीती पुष्कळ पालकांना वाटते. जैस्वाल खचला नाही. जुलै 2023 मध्ये डॉमिनिका येथे पहिल्याच कसोटीत त्याने 171 धावा केल्या. त्या संघाचा उपकर्णधार रहाणेच होता.

मात्र एका शिक्षेने स्वभाव बदलतो, असेही नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये पर्थ कसोटीत जैस्वालने मिचेल स्टार्कला, तुझा चेंडू फारच हळू येतो आहे, असे ऐकविले. स्टार्क नुसता हसला. जैस्वालने त्या डावात 161 धावा केल्या आणि भारत 295 धावांनी जिंकला. त्याचे बोलणे साऱ्यांना गोड वाटले. पुढची कसोटी ॲडलेडला होती. सामन्याचा पहिलाच चेंडू स्टार्कने टाकला आणि जैस्वाल शून्यावर पायचीत झाला. त्या डावात स्टार्कने 48 धावांत 6 बळी घेतले. पर्थला शब्द खपून गेला तो धावांच्या जोरावर. ॲडलेडला धावा नव्हत्या, शब्द तेवढा सर्वांच्या लक्षात होता.

इंदापूर-बारामतीच्या पेठेत बसणाऱ्यांना हा हिशेब नवा नाही. नव्याने गल्ल्यावर बसलेला हुशार मुलगा गिऱ्हाइकापुढे समोरच्या दुकानाच्या मालाची, कधी त्या घराचीही टिंगल करतो. गिऱ्हाईक हसते, माल खपतो आणि वडीलधारे ऐकून न ऐकल्यासारखे करतात, कारण त्या दिवशीची विक्री चांगली झालेली असते. हित, मित आणि प्रिय बोलावे, हे वचन लहानपणापासून कानावर पडलेल्या घरांतही असे घडते. ज्याची टिंगल झाली, ते घर उद्या सोयरिकीत समोर येते, अडचणीच्या वेळी त्याच्याच दारी उसना माल मागावा लागतो.

विक्री चांगली झाली त्याच संध्याकाळी मुलाला दोन शब्दांत थांबवावे. चारचौघांत बोलला असेल तर चारचौघांतच थांबवावे. आणि सकाळी गल्ल्याची किल्ली पुन्हा त्याच्याच हाती द्यावी. कोइमतूरला रहाणेने जैस्वालला बाहेर पाठविले. काही षटकांनी तो पुन्हा त्याच संघात, त्याच मैदानावर उभा होता.