इंजिन घ्यायचं की कोड पाडायचा?
ऑफिसातून आल्यावर हातात जेमतेम दोन तास. त्यात तुम्हाला गेम बनवायचाय. मग युनिटीसारखं तयार इंजिन, की मोनोगेमसारखं फ्रेमवर्क घेऊन सगळा कोड स्वतःच?

थ्रीडी असेल तर फार डोकं लावू नका, इंजिनच घ्या. एडिटर, फिजिक्स सगळं हजर. फ्रेमवर्क म्हणजे रिकामा फ्लॅट. चित्र दिसतं, आवाज येतो. फर्निचर तुमचं तुम्ही करा.

पण एरिक बॅरोननं एकट्यानं साडेचार वर्षं खपून एक्सएनए या फ्रेमवर्कवर 'स्टारड्यू व्हॅली' (२०१६) केलाच की! मधेच, २०१३ मध्ये, मायक्रोसॉफ्टनं एक्सएनएचं काम थांबवलं. तरी गेम बुडाला नाही. त्याच धाटणीचं, ओपन सोर्स मोनोगेम होतं, पुढे तो त्यावर गेला. उलट सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीनं इन्स्टॉलमागे फी जाहीर केली, तेव्हा भल्याभल्यांची झोप उडाली. (वर्षभरानं ती रद्द झाली, पण धसका बसायचा तो बसलाच.)

मला विचाराल तर छोट्या टूडी गेमला फ्रेमवर्क. फक्त सहा महिने मेनूची बटणंच लिहीत बसलात, तर इगो बाजूला ठेवा आणि गुपचूप इंजिन डाउनलोड करा.