नीरेच्या दोन्ही काठांना एकच नियम हवा

अश्विन लागला की नीरा निवळते आणि शिरवळ-लोणंदच्या बाजारात बोटाएवढ्या मासळीचे वाटे दिसू लागतात. प्लास्टिकच्या कागदावर ओतलेला चंदेरी ढीग. जरा वाकून बघा. त्यात रोहूचं पिल्लू असतं, कोळशीचं असतं, नुकत्याच मिशा फुटलेला शिंगाळा असतो. साफ करायला विळीसुद्धा लागू नये इतका एकेक जीव लहान. मीठ-मसाला चोळला की अख्खाच तव्यात जातो. ही सगळी त्याच पावसाळ्यात जन्मलेली पिढी आहे, आणि ती दिवाळीआधीच संपते आहे.

मासे खाऊ नका, असं मी म्हणत नाही. नीरेच्या काठची भोई घरं पिढ्यानपिढ्या या पाण्यावर जगली आहेत, आणि नदीत मासा उरला नाही तर पहिली चूल त्यांचीच विझणार आहे. माझी मागणी एवढीच आहे की पिल्लं आणि गाभोळीची मादी, या दोघांना जाळ्यातून सूट मिळावी. आणि ती सूट नदीच्या दोन्ही काठांवर सारखी असावी.

मृगाचा पाऊस होऊन ओढे वाहते झाले की मासा प्रवाहाविरुद्ध चढू लागतो. माउलींच्या पादुकांना नीरा स्नान घडतं, पालखी पाडेगावात सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला विसावते, त्या आषाढाच्या दिवसांत नदीतली मादी अंड्यांनी जड झालेली असते. रोहूच्या मादीच्या पोटात वजनाच्या किलोमागे दोन लाखांच्या वर अंडी असतात. पण धरणाच्या साचलेल्या पाण्यात रोहू-कटला सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. वीर धरणाच्या भिंतीत माशाला वर जायला वाट नाही, वर भाटघर आणि नीरा-देवघर उभी आहेत. उरतात ते ओढे आणि धरणात उतरणारी नदीची तोंडं. नेमकी तीच तोंडं आपण चढणीच्या दिवसांत आडवं जाळं लावून बंद करतो. तिथून जे वाचतं ते अश्विनात बारीक आसाच्या वडाप जाळ्यात सापडतं. आणि मग सरकारी खर्चाने जलाशयात बोटुकली सोडायची वेळ येते. नदी जे फुकट देते ते आधी ओरबाडायचं आणि मग विकत आणायचं, हा कुठला हिशोब?

सामाईक नियम काय करू शकतो, त्याचं एक उदाहरण बघा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बास नावाचा पट्टेदार मासा आहे. वसंतात तो नद्यांमध्ये अंडी घालायला शिरतो, शरदात समुद्रकिनाऱ्याने दक्षिणेकडे सरकतो, आणि गळ घेऊन हजारो लोक त्याची वाट बघतात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हा मासा झपाट्याने घटला. अडचण अशी होती की तो अनेक राज्यांच्या हद्दी ओलांडतो. एका राज्याने सोडलेला मासा शेजारचं राज्य पकडत होतं. 1984 मध्ये तिथे कायदा झाला: सामाईक नियम जे राज्य पाळणार नाही, तिथली या माशाची मासेमारी केंद्र सरकार थांबवू शकेल. मेरीलँडने 1985 पासून पाच वर्षं हा मासा धरणं पूर्ण बंद ठेवलं. 1995 मध्ये मासा सावरल्याचं जाहीर झालं. पुढे पुन्हा उपसा वाढला, 2019 च्या पाहणीत तो पुन्हा धोक्यात दिसला, आणि 2023 मध्ये समुद्रात गळाने धरणाऱ्यांसाठी मर्यादा आणखी आवळली गेली: 28 ते 31 इंचांमधलाच मासा घरी न्यायचा. त्याहून लहान सोडायचा आणि त्याहून मोठाही सोडायचा, कारण मोठी मादीच सर्वांत जास्त अंडी देते.

आपली नीरासुद्धा हद्दीची नदी आहे. उत्तरेला भोर, पुरंदर, बारामती. दक्षिणेला खंडाळा, फलटण. पाणी एक, मासा एक, पण जिल्हे दोन आणि कार्यालयं दोन. या काठावर कुणी हटकलं तर होडी त्या काठाला लागते. म्हणून एकट्या खंडाळ्याने नियम करून भागणार नाही. पुणे आणि सातारा, दोन्ही जिल्ह्यांच्या मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांनी, मासेमारीचा ठेका घेतलेल्या सोसायट्यांना सोबत घेऊन, एकत्र बसायला हवं.

नियम बदलत नाहीत, असं कुणी सांगू नये. सातारा जिल्ह्यातच कोयनेच्या शिवसागरात वर्षानुवर्षं होडी घालायला मज्जाव होता. पर्यटनासाठी ती बंदी शिथिल झाली आणि मार्च 2024 मध्ये मुनावळ्याला जलपर्यटन सुरू झालं. वेगाने धावणाऱ्या बोटींसाठी नियम बदलतात, तर माशासाठीही बदलू शकतात. समुद्रात तर बदललेही आहेत: 2023 मध्ये राज्याने 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, आणि पापलेटाला राज्यमाशाचा मान मिळाला. नद्यांच्या वाट्याला असा मान कधी येणार?

जाळं टाकणारे म्हणतात, कारखान्यांचं सांडपाणी कुणाला दिसत नाही, आमचं जाळं तेवढं दिसतं. त्यांचं म्हणणं खरं आहे. मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ अंकलीला कृष्णेच्या पाण्यावर मेलेल्या माशांचा खच तरंगला होता. तो काही जाळ्याने केला नव्हता. ती लढाई लढलीच पाहिजे आणि त्यात भोई बांधवांच्या शेजारी आपण सगळ्यांनी उभं राहिलं पाहिजे. पण विषातून वाचलेला मासा तरी वाढू द्यायला कुणाची परवानगी लागते? महाडजवळ वाळणकोंडीला देवीच्या नावाने राखलेल्या डोहात महाशीर माणसाच्या हातून खातात. तिथे कुणी निरीक्षक बसवलेला नाही, गावाने ठरवलं आहे.

जिलेटिन आणि विष यांना तर कायद्यानेच बंदी आहे. ते वापरणाऱ्याला गावाने पाठीशी घालू नये, तो घरचा असला तरी.

2 ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा भरेल. शिरवळ, भोळी, तोंडल आणि पलीकडे वीर, जिथे जिथे नीरेचं पाणी टेकतं तिथल्या लोकांनी एकच ठराव मांडावा: चढणीच्या दिवसांत ओढ्यांच्या तोंडाशी जाळं नको, बारीक आसाचं जाळं कायमचं बंद, आणि बंदीच्या काळात भोई कुटुंबांना सरकारने आधार द्यावा. ठरावाची एक प्रत साताऱ्याला आणि एक पुण्याला पाठवा. आणि या आठवड्यात बाजारात तो चंदेरी वाटा समोर आला तर घेऊ नका. विकणाऱ्याशी भांडू नका, मोठा मासा मागा आणि त्याला त्याचा भाव द्या.