संथेबरोबर दाखलाही घ्या

मुंज झाली की मुलाला वेदपाठशाळेत ठेवायचं, तो आठ-दहा वर्षं संथा घेणार, घनान्त होणार, इथवर बहुतेक घरांत विचार झालेला असतो. पुढचं कुणी बोलत नाही. मुलगा विशीत येतो तेव्हा ऋग्वेदाच्या दहा हजारांवर ऋचा मुखोद्गत असतात आणि हातात दहावीचा कागद नसतो. आईवडिलांनो, एवढं एक होऊ देऊ नका.

भिक्षुकीत पोट भरत नाही, हा समज आधी काढून टाका. गणेश चतुर्थीला पुण्यात गुरुजी मिळवून पाहा! पहाटे पहिली प्राणप्रतिष्ठा, तिथून स्कूटरवर दुसऱ्या घरी, आणि खिशातला फोन वाजतोच आहे. कामाला तोटा नाही, पण ते मोसमी आहे. श्रावण ते नवरात्र श्वास घ्यायला फुरसत नाही, तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात; पौषात आणि गुरू-शुक्राच्या अस्तात मात्र हात रिकामे. शिवाय संहिता पाठ असणं निराळं आणि याज्ञिकी येणं निराळं. घनपाठी मुलाला वास्तुशांतीची मांडणी येत नाही, असं सर्रास दिसतं. अशाने एखाद्या जाणत्या याज्ञिकाच्या हाताखाली वर्ष-दोन वर्षं काढावीत. आणि दक्षिणेचा हिशेब पहिल्या दिवसापासून लिहावा, दर वर्षी आयकराचं विवरणपत्र भरावं. पाकिटातली दक्षिणा बँकेला दिसत नाही. घराच्या कर्जाला गेलात की हे कळतं.

आता दाखल्याचं. उज्जैनच्या महर्षी सांदीपनी प्रतिष्ठानाशी पाठशाळा जोडलेली असेल, तर वेदभूषण दहावीच्या आणि वेदविभूषण बारावीच्या बरोबरीचं धरलं जातं. तशी जोडलेली नसेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी-बारावी करता येते; तिथे वेदाध्ययन, संस्कृत व्याकरण हे विषयही आहेत. पुढे रामटेकच्या कवि कुलगुरु कालिदास संस्कृत विद्यापीठात किंवा दुसरीकडे पदवी घ्यावी. पाठांतर झालेल्या मुलाला हा अभ्यास जड जात नाही. जड जातं इंग्रजी, म्हणून ते लवकर सुरू करावं.

पदवी कशाला, असं विचारणाऱ्याला मी सैन्याचं उदाहरण देतो. भारतीय सैन्यात धर्मगुरूंची भरती होते: पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्षू. पद नायब सुभेदाराचं. पंडिताला कोणत्याही विषयाची पदवी लागते, शिवाय संस्कृतातली आचार्य पदवी किंवा शास्त्री आणि कर्मकांडाचा एक वर्षाचा डिप्लोमा. वय किमान 25. वरची मर्यादा त्या त्या जाहिरातीत पाहावी. काम केवळ पूजेचं नाही: इस्पितळातल्या जवानाजवळ बसायचं, शिक्षा भोगणाऱ्याला भेटायचं, अंत्यविधीला उभं राहायचं. आणि हो, भरतीत 1600 मीटर 8 मिनिटांत धावावं लागतं. मांडी घालून दहा वर्षं काढलेल्यांनी आतापासून पळायला लागावं, हे मी थट्टेने म्हणत नाही.

शाळेत संस्कृत शिकवायचं तर बीएड हवंच. अनुदानित शाळांतल्या जागांच्या भरवशावर मात्र राहू नका. आठवी ते दहावीच्या शिकवण्यांना मागणी आहे, कारण मार्कांसाठी संस्कृत घेणारी मुलं भरपूर.

हस्तलिखितांकडे फार थोडे वळतात, याचं मला नवल वाटतं. पुण्यात भांडारकर संस्था 1917 पासून आहे, डेक्कन कॉलेजात संस्कृत कोशाचं काम 1948 पासून चालू आहे. शारदा किंवा नंदिनागरी लिपी वाचता येणारा आणि स्वर न चुकवणारा माणूस तिथे उपयोगाचा. मात्र अशा ठिकाणी बरीचशी कामं प्रकल्पापुरती असतात, हेही धरून चाला.

देवळातली नोकरी घराण्याच्या नावावर मिळेल, अशाही भरवशावर राहू नये. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पंढरपुरात बडवे-उत्पातांचे परंपरागत हक्क संपले, आणि मंदिर समितीने जाहिरात काढून पुजाऱ्यांसाठी अर्ज मागवले, सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून.

या उन्हाळ्यात पाठशाळेत चौकशीला जाल तेव्हा दोनच गोष्टी विचारा: परीक्षा कोणत्या मंडळाची, आणि गणित-इंग्रजी कोण शिकवतं. उत्तर गोलमोल आलं, तर मुक्त विद्यालयाचा अर्ज तुम्हीच भरून टाका.