कोबाल्टला शेजारी किती?



नव्या बुटांच्या खोक्यात एक छोटीशी पुडी असते, पाहिली आहे ना? तिच्यातले दाणे हवेतली ओल शोषून घेतात. काही पुड्यांमधले दाणे निळे असतात आणि ओल लागली की गुलाबी होतात. हा रंग बदलणारा गडी म्हणजे कोबाल्ट या धातूचं एक संयुग. (पुडी फोडायची नाही आणि दाणे तोंडात घालायचे नाहीत, बरं का! हे संयुग विषारी असतं. घरात लहान भावंडं असतील तर आईबाबांनी पुडी आधीच बाजूला काढावी.)

कोबाल्ट हे नावही गमतीचं. जर्मनीतल्या खाणकामगारांना एक खनिज सापडायचं. भट्टीत टाकलं की हवा तो धातू मिळायचा नाही, उलट विषारी धूर निघायचा! मग त्यांनी त्याला नाव ठेवलं ‘कोबोल्ड’, म्हणजे खाणीतलं खट्याळ भूत. पुढे १७३५ च्या सुमारास स्वीडनच्या गेऑर्ग ब्रांट यांनी दाखवून दिलं, की हे भूतबीत काही नाही, हा एक नवा धातू आहे.

आता सांगा पाहू, कोबाल्ट तोच, तर मग रंग कसा बदलतो? तुमचे ताई-दादा कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग पाहतात. कोबाल्ट क्लोराइडचं पाण्यातलं द्रावण गुलाबी असतं. त्यात पुरेसं हायड्रोक्लोरिक आम्ल घालून तापवलं की ते निळं होतं. बर्फात ठेवलं की पुन्हा गुलाबी! गुलाबी असताना कोबाल्टच्या प्रत्येक अणूभोवती पाण्याचे सहा रेणू असतात. निळं होताना ते निघून जातात आणि क्लोरीनचे चार शेजारी येतात. शेजारी बदलले की रंग बदलला.

हे शेजाऱ्यांचं गणित सोडवलं आल्फ्रेड वेर्नर यांनी. ते झुरिकमध्ये शिकवत. कोबाल्ट आणि अमोनिया यांच्या संयुगांमध्ये सहा शेजारी वर, खाली, पुढे, मागे, डावीकडे आणि उजवीकडे असे बसलेले असतात, असं त्यांनी १८९३ मध्ये मांडलं. तेव्हा ते अवघे सव्वीस वर्षांचे होते. मोठमोठ्या रसायनज्ञांना ते पटेना. वेर्नर वीस वर्षं चिकाटीने पुरावे गोळा करत राहिले आणि १९१३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

मग शास्त्रज्ञांच्या मनात आलं, कोबाल्टला दोनच शेजारी दिले तर? ऐकायला सोपं, पण करायला महाकठीण! मोकळी जागा दिसली की कोबाल्ट लगेच आणखी कुणालातरी जवळ ओढतो. मग युक्ती काय? दोन्ही शेजारी चांगले धिप्पाड निवडायचे. एसटीच्या बाकावर दोन पैलवान बसले की तिसऱ्याला जागा कुठली? १९६३ मध्ये ब्युर्गर आणि वान्नागाट यांनी असं एक संयुग तयार केलं. त्याची वाफ केली तर कोबाल्टला दोनच शेजारी असतात. पण ते घन झालं की दोन-दोन रेणू एकमेकांना बिलगतात आणि शेजारी होतात तीन! म्हणजे पैलवान आणखी मोठे हवेत. शिवाय हवा आणि पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. म्हणून हे काम नायट्रोजन किंवा आरगॉन भरलेल्या बंद काचपेटीत, पेटीलाच जोडलेले रबरी हातमोजे घालून करावं लागतं.

एवढा खटाटोप कशासाठी? चुंबकासाठी! खिळ्याला तार गुंडाळून वीज सोडली की खिळा चुंबक होतो, हे तुम्ही शिकला आहात. अणूमध्ये इलेक्ट्रॉन फिरतो, तेव्हाही तसंच काहीसं घडतं. पण भोवती शेजाऱ्यांची दाटी असेल तर त्याचं फिरणं बरंचसं अडतं. समोरासमोर दोनच शेजारी असतील तर तो त्यांच्या मधल्या रेषेभोवती, खांबाभोवती मुलं पळतात ना, तसा गरगर फिरू शकतो. मग त्या एकट्या रेणूचं चुंबकत्व त्या रेषेत उभं राहतं आणि सहजी पालटत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली इथले जेफ्री लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा रेणू बनवला. त्यात कोबाल्ट मधोमध आणि दोन बाजूंना कार्बनचे दोन अणू, अगदी सरळ रेषेत. त्यात इलेक्ट्रॉनला जास्तीत जास्त जेवढं फिरता येणं शक्य आहे, तेवढं मिळालं.

संगणकाच्या हार्डडिस्कमध्येही कोबाल्टच्या मिश्रधातूचा पातळ थर असतो. त्यावरचे असंख्य अणू मिळून ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढं एकच अक्षर लक्षात ठेवतात. तेच काम एका रेणूने केलं, तर अख्खं ग्रंथालय नखाएवढ्या जागेत मावेल! अडचण एकच. हे रेणू फक्त कडाक्याच्या थंडीत आठवण ठेवतात. २०१८ मध्येच डिस्प्रोसियम या दुसऱ्या धातूच्या रेणूने उणे १९३ अंश सेल्सिअसपर्यंत मजल मारली, तर केवढा आनंद झाला होता! आपल्या घरातल्या तापमानाला आठवण टिकवणारा रेणू अजून कुणालाच जमलेला नाही. कदाचित तो तुमच्यापैकीच कुणाच्या तरी हातून घडायचा असेल.

करून पहा : कणकेचा छोटा गोळा घ्या. त्यात खराट्याच्या सहा काड्या वर, खाली आणि चारही बाजूंना खोचा. आता उभ्या काड्यांचा खांब समजून गोळ्याभोवती, अगदी त्याला लागून, बोट फिरवा. अडतंय ना? आता बाजूच्या चार काड्या काढून टाका आणि पुन्हा फिरवा. बोट मोकळं फिरलं? बस्स, तुमच्या हातात दोन शेजाऱ्यांचा कोबाल्ट आहे!

डोकं चालवा : चार शेजाऱ्यांना एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब बसवायचं असेल, तर चार काड्या कशा खोचाल? उत्तर पुढच्या अंकात!